चहा येईपर्यंत

“आता बगा मॅडम.” हत्तुरे अण्णांनी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत रक्तगट टाइप केला, एंटर दाबलं आणि ते खुर्चीत मागं रेलले. “आता ह्ये फिरायला लागलं. आता मी खाली चहा सांगणार. चहा वर येणार, आपण पिणार, कप खाली ठेवला की नावं येतात.”

“रोज असंच?”

“रोज. चैत्रात जरा जास्त वेळ लागतंय. त्यालाबी ऊन लागत असेल.”

चहा आला, आम्ही प्यायलो, अण्णांनी कप खाली ठेवला आणि खरोखरच पडद्यावर रक्तदात्यांची नावं उमटली. अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू गाडी वेळेवर लागल्याचं श्रेय त्यांचंच होतं. ते एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. सोलापूरच्या स्टँडवर आयुष्यभर माइकवर बोलल्यामुळं शेजारी बसलेल्या माणसाशीही ते फलाट क्रमांक सांगितल्यासारखे बोलत. निवृत्तीनंतर ते या संस्थेत आले. संस्था म्हणजे एका रक्तपेढीच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक सर्व्हर आणि अण्णा. आसपासच्या जिल्ह्यांमधल्या रक्तदात्यांची नोंद ठेवायची आणि वेळेला त्यांना फोन करायचा, एवढंच काम. एवढंच म्हणायचं, पण त्यावर माणसं जगत होती.

माझा धंदा डेटाबेस दुरुस्तीचा. हे डेटाबेस फुकट मिळतात, कुणीही उतरवून घ्यावेत. फुकट ते पौष्टिक म्हणून सगळे घेतात, आणि ते आजारी पडले की पुण्याहून माझ्यासारख्या वैदूला बोलावतात. आदल्या वर्षी मी इथं येऊन बॅकअपची व्यवस्था लावून दिली होती. महिन्याला एक पूर्ण प्रत, आणि त्यानंतर होणाऱ्या प्रत्येक बदलाची नोंद. म्हणजे काही बिघडलं तर सगळं पुन्हा हव्या त्या दिवसापर्यंत, हव्या त्या क्षणापर्यंत आणून उभं करता येतं. तेव्हा अण्णा म्हणाले होते, “म्हणजे गेलेली गाडी परत फलाटावर आणता म्हणा की.” मला ती उपमा आवडली होती. मी ती पुढं दोन-तीन गिऱ्हाइकांना आपली म्हणून ऐकवली.

या खेपेला काम साधं होतं. एक नाव शोधायला डेटाबेस बिचारा दरवेळी सगळ्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढत होता. पुस्तकाच्या मागं सूची द्यायची राहून जावी, तसं झालेलं. मी ती सूची करून दिली. दुपारच्या आत काम संपलं. अण्णांनी एंटर दाबलं आणि बोट उचलायच्या आत नावं समोर आली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं.

“मॅडम, मग आता चहा कधी प्यायचा?”

“कधीही प्या. आता कारण लागणार नाही.”

“कारणाशिवाय चहा ग्वाड लागत नाही,” अण्णा म्हणाले, आणि तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला.

तिशीचा असेल. शर्टावर सुताची बारीक तुसं. नाव श्रीनिवास, टॉवेलच्या मागावर कामाला. हातात दवाखान्याची फाइल होती, ती तो दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता. अण्णांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, फाइल उघडली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. अण्णांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

त्याच्या बायकोला, पद्माला, आठवा सरत आला होता. बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली होती, कधीही रक्त जाऊ शकत होतं. परवा सकाळी सिझर करायचं ठरलं होतं. आणि आज तपासणीत निघालं होतं, की तिचं रक्त बॉम्बे गटाचं आहे. हा गट साध्या तपासणीत ओ सारखा दिसतो, पण ओ चालत नाही. अशा माणसाला फक्त त्याच गटाच्या माणसाचं रक्त चालतं, आणि असं माणूस दहा हजारांत एखादं.

“डॉक्टरीणबाई म्हणल्या, एक तरी पिशवी पायजे,” श्रीनिवास म्हणाला. “पिशवी हातात असल्याशिवाय हात लावायला भ्या वाटतंय म्हणल्या. आणि थांबायलाबी येत नाही म्हणल्या.”

अण्णांनी सर्च लावला. आमचा नवाकोरा, झटपट सर्च. चार नावं आली, आणि अण्णांनी फोन हातात घेतला. पहिला दुबईला. दुसऱ्यानं गेल्याच महिन्यात हुबळीला जाऊन रक्त दिलं होतं. तिसऱ्याला कावीळ होऊन गेलेली. चौथ्या बाईंचा फोन त्यांच्या मुलानं घेतला आणि सांगितलं, आईला शुगर निघाली, आता डॉक्टर देऊ देत नाहीत. मग पुणं, मग हैदराबाद, मग आणखी कुठं कुठं. हैदराबादचा एक तयार होता, पण तापानं झोपलेला. प्रत्येक फोननंतर श्रीनिवास विचारायचा, “काय म्हणले?” आणि अण्णा म्हणायचे, “बगू की, अजून हायेत.”

मग हायेत म्हणण्यासारखं कुणी उरलं नाही. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले.

“अण्णा?” मी म्हटलं.

“एक पोरगी होती,” ते म्हणाले. “इथनं जवळ.” आणि मला त्यांनी आतल्या खोलीत यायची खूण केली.

आत, सर्व्हरच्या घरघरीत, त्यांनी मला सांगितलं ते असं. शिवलीला बिराजदार नावाची मुलगी होती. डीएडला असताना कॉलेजच्या शिबिरात तिचा गट सापडला. तिच्या थोरल्या बहिणीचाही तोच. बहिणीचं लग्न झालं, पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तपासणीत ते निघालं, आणि सासरच्यांनी काय ऐकलं कुणास ठाऊक; हिच्या रक्तात खोट आहे, हिला कुणाचं रक्त चालत नाही, असं म्हणून तिला माहेरी आणून सोडलं. ती अजून तिथंच. मग शिवलीलाचं लग्न ठरलं तेव्हा ती एकटी या ऑफिसात आली आणि अण्णांना म्हणाली, माझं नाव पुसून टाका, कुणी फोन करू नका, तिथं कुणाला माहीत नाही.

“मी म्हणलं, पोरी, तू निवांत लगीन कर. तिच्यासमोर बसून पुसलं. माझ्या फोनमधलंबी काढून टाकलं. शब्द दिला मी तिला.” अण्णांनी सर्व्हरकडं पाहिलं. “मॅडम, ते परत येतंय का?”

येतंय हे मला माहीत होतं. तेच तर माझं काम. ती पुसायच्या आधीच्या दिवसापर्यंत सगळं माझ्या लॅपटॉपवर उभं करायचं, की ती पुन्हा जशीच्या तशी हजर. त्यात काही कसब नव्हतं. बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. श्रीनिवास उठून पुन्हा बसला असावा.

“येतं,” मी म्हटलं. “पण तिनं नाही म्हणून सांगितलंय.”

“सांगितलंय की.”

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण आडात होतं.

“फक्त विचारूया,” शेवटी मीच म्हणाले. “ती नाही म्हणाली तर विषय संपला. विचारायला काय जातंय.”

काम व्हायला वेळ लागला. प्रत उलगडत होती, पट्टी डावीकडून उजवीकडं सरकत होती, आणि अण्णा माझ्यामागं उभे होते. अण्णांना तारीख आठवत नव्हती. पण त्या दिवशी बैलांचा बेंदूर होता, स्टँडवर गाड्यांना गर्दी होती आणि ती उशिरा पोचली होती, हे आठवत होतं. त्यावरून मी दिवस धरला. बेंदराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आणून थांबवलं. नाव टाकलं. शिवलीला बिराजदार, गाव, गट, फोन नंबर. अण्णांनी चष्मा काढला आणि पुसून पुन्हा लावला.

“आली,” ते म्हणाले.

फोन मी करायचा असं ठरलं. अण्णांच्या आवाजात रक्तपेढी सगळ्या घराला ऐकू गेली असती. मी वर्गमैत्रीण व्हायचं, आणि तिच्याशीच बोलायचं. नंबर तिचा होता, पण फोन उचलला एका वयस्क बाईनं.

“कोण?”

“मी शिवलीलाची मैत्रीण. डीएडची. आहे का ती?”

“सूनबाई, तुझा फोन हाय बग,” बाई म्हणाल्या. मग फोनमधला आवाज एकदम पोकळ झाला, तेव्हा कळलं की त्यांनी तो स्पीकरवर टाकलाय. भांडी ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक बारीक आवाज, “हॅलो?”

“अगं शिवलीला, ओळखलंस का? हत्तुरे अण्णांकडून बोलतेय. अण्णांकडं उद्या कार्यक्रम आहे. एका बाळंतिणीसाठी आहे. तुझ्यावाचून अडलंय बघ, दुसरं कुणीच नाही. म्हणून म्हटलं विचारावं.”

पलीकडं नळ चालू होता तेवढा ऐकू येत होता.

“राँग नंबर आहे,” ती म्हणाली. “मी नाही ओळखत अण्णा-बिण्णा कुणाला.”

फोन बंद झाला. बाहेरच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि श्रीनिवासनं सगळं ऐकलं होतं. त्यानं फाइल उचलली, अण्णांना हात जोडले, मलाही जोडले. “तुम्ही लई केलाव,” म्हणाला. मला त्या हात जोडण्याचा राग आला. नाही म्हणणाऱ्या माणसासमोर काहीतरी बोलता येतं, हात जोडणाऱ्यासमोर काय बोलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघण्याआधी लॅपटॉप आवरायला ऑफिसात गेले. अण्णा कालच्याच कपड्यात असावेत असे बसले होते. अजून फोन चालूच होते. मी लॅपटॉप बॅगेत घालत होते, तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

साधी जांभळी साडी, हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर. तिनं आधी अण्णांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“काल फोन तुम्हीच केलता?”

“हो.”

“कितवा महिना हाय तिला?”

“आठवा सरतोय.”

तिनं मान हलवली. पिशवीतून कापडाचे तुकडे काढून टेबलावर मांडले. गुलबक्षी, मोरपंखी, एक लिंबू रंगाचा. “दिराचं लगीन हाय. घरी सांगून आले, ब्लाउजपीस मॅचिंग करायला सोलापूरला जाते म्हणून. बाराच्या गाडीनं परत जायचंय. मॅचिंगबी करायचंय आणि रक्तबी द्यायचंय. दोन्ही कसं व्हायचं?”

“तुम्ही खाली जा,” मी म्हटलं. “मॅचिंग मी आणते.”

“तुम्हाला जमंल?”

हा प्रश्न मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं इतक्या अविश्वासानं विचारलेला नाही. मी तुकडे मुठीत घेऊन पळाले. नव्या पेठेत दुकानं नुकती उघडत होती, पोरं दारात पाणी मारत होती. मी प्रत्येक तुकडा दाराबाहेर उन्हात धरून पाहत होते आणि दुकानदार माझ्याकडं. गुलबक्षी मिळाला, लिंबू मिळाला. मोरपंखीनं फार छळलं. पाच-सहा तागे काढायला लावले, तरी एक जरा हिरवट, दुसरा जरा निळसर. शेवटी जो त्यातल्या त्यात जवळचा वाटला तो घेतला आणि रिक्षानं परत आले.

ती रक्तपेढीतल्या बाकावर बसून बिस्किट खात होती. रंग उतरला होता. कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी होती, ती ती पदरानं झाकत होती. मी कापड दाखवलं. तिनं मोरपंखी उन्हाकडं धरला.

“ह्यो चालायचा नाही सासूबाईंना. पण बोलतील आणि गप बसतील,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. “पट्टी काढू का आता?”

“थोडा वेळ राहू द्या.”

“गाडीत काढते.” पिशवी उचलून ती उभी राहिली. “हत्तुरे काका पुसलं म्हणाले होते. मी निवांत होते. काल फोन आला आणि माझे हातपाय गार पडले बगा. कसं काय सापडले मी तुम्हाला?”

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. जुनी प्रत, बदलांची नोंद, मागचा दिवस. तिनं ऐकून घेतलं.

“म्हणजे पुसलं तरी राहतं.”

“कुठं ना कुठं राहतं.”

“मग काका काय पुसत होते माझ्यासमोर?” हे तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. स्टँडच्या रिक्षात तिला बसवून मी वर आले.

अण्णा खुशीत होते. पिशवीचा नंबर पडला होता, दवाखान्यात फोन गेला होता, श्रीनिवास फोनवरच रडला होता. “दात्याच्या नोंदीशिवाय पिशवी पुढं जात नाही, म्हणून मी तिचं नाव परत घातलं,” अण्णांनी सांगितलं. “एका बोटानं, पण एक चूक नाही. तुम्ही काल लिहून दिल्यालं समदं तसंच. आणि बगा, आपली सिस्टिम कशी हाय. नोंद झाली की आभाराचा मेसेज आपोआप जातंय.”

“कुणाला?”

“दात्याला की.” ते बोलले आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

ती मेसेजची सोय माझ्या आधी कुणीतरी करून दिली होती, मी तिच्याकडं कधी पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. शिवलीला बिराजदार, आज आपण दिलेल्या दुर्मिळ रक्ताबद्दल संस्था आपली ऋणी आहे, आपला रक्तगट बॉम्बे. खाली तिचा नंबर. तोच, जो काल तिच्या सासूनं उचलला होता; आज ती आली तेव्हा फोन तिच्याजवळ नव्हता. पुढं एक शब्द: पाठवला.

“मागं घ्या की मॅडम,” अण्णा म्हणाले. “तुम्हाला येतंय की मागं न्यायला.”

“आपल्याकडची नोंद मागं नेता येईल अण्णा. त्यांच्या फोनात गेलेलं नाही.”

“पुसा तरी.”

“इथून पुसून काय उपयोग?”

अण्णा उठले, बसले, पुन्हा उठले. मग त्यांना ती उतरणार त्या मोहोळ स्टँडचा कंट्रोलर आठवला, त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यांनी नंबर लावला. तिकडून “बोला अण्णा” ऐकू आलं, आणि अण्णा रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे. माझ्याकडं बघत त्यांनी हातानं विचारलं: काय सांगू? बारा वाजताच्या गाडीनं एक जांभळ्या साडीची बाई उतरेल, तिला थांबव. थांबवून काय सांगू? घरी जाऊ नको? मग कुठं जा?

“काही नाही रे,” अण्णा फोनमध्ये म्हणाले. “सहज केलता. गाड्या वेळेवर हायेत ना?”

मी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला आले. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. पद्माला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, श्रीनिवास पेढे देऊन गेला होता. मी म्हटलं, छान झालं. अण्णा फोन ठेवेनात.

“मॅडम, पिशवी लागली नाही.”

“म्हणजे?”

“रक्तच गेलं नाही फारसं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, नशीबवान हाय. पिशवी नुसती शेजारी ठेवली होती. तशीच परत आली.”

“ती शेजारी होती म्हणून तर त्यांनी हात लावला अण्णा.”

“ते बरोबरच हाय,” अण्णा म्हणाले. “बरोबरच हाय ते.”

पुढचं त्यांनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, दर खेपेला दुसऱ्याच कुठल्या कामासाठी फोन करून. शिवलीलाला सासूनं त्याच दिवशी विचारलं होतं. तिनं खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण पट्टी काढल्याची खूण हातावर होती. रक्ताचं एक वेळ चाललं असतं, म्हणे, पण लपवलं ते चाललं नाही. दिराचं लग्न पार पडेपर्यंत तिला ठेवून घेतलं, कारण घरात कामाला माणूस हवं होतं. मग नवरा बहिणीसारखंच हिलाही माहेरी सोडून आला. पिशवी टिकते त्या मुदतीत बॉम्बे गटाचं रक्त लागणारं दुसरं कुणी आलं नाही. पिशवी फ्रीजमध्ये राहिली, आणि दिवस भरल्यावर नियमाप्रमाणं टाकून द्यावी लागली. हे मला अण्णांनी सांगितलं तेव्हा मी जेवत होते. मी ताट बाजूला सारलं आणि मग पुन्हा ओढून घेतलं, कारण न जेवून कुणाचं काय भलं होणार होतं.

दिवाळीनंतर मी बॅकअपच्या तपासणीला पुन्हा सोलापूरला गेले. बॅकअप नुसता असून चालत नाही, तो अधूनमधून उलगडून बघावा लागतो; नाहीतर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी आतल्या खोलीत तेच करत होते, तेव्हा बाहेर तिचा आवाज ऐकला.

ती अण्णांसमोर बसली होती. वाळली होती. पदर डोक्यावर नव्हता. मला पाहून तिनं मान हलवली.

“मोरपंखीबद्दल बोलल्याच सासूबाई,” ती म्हणाली.

मला हसताही येईना.

“नाव आता राहू द्या म्हणून सांगायला आले,” ती अण्णांकडं वळली. “आता काय लपवायचं राहिलंय? कधीबी फोन करा. फोन आता माझ्याजवळच असतो. आणि एक कागद पायजे होता.”

“कसला गं?”

“तुम्ही सांगितलाव ना, माझ्या रक्तानं बाई आणि लेकरू वाचलं म्हणून. बाबांना मी तेच सांगते. ते म्हणतात, कुणासाठी घर घालवलंस? थोरलीचं मोडलं त्यात तिचं काही नव्हतं, तू हातानं मोडून घेतलंस. रोज जेवताना म्हणतात. मी म्हणते, दोन जीव वाचले. त्यांना खरं वाटत नाही. तसा कागद दिला तर वाटंल.”

अण्णांनी तिला काय सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

“देतो की,” अण्णा म्हणाले. आवाज माइकवरचाच होता, पण आत काहीतरी सुटलेलं. “मी लिहून देतो. सही-शिक्का मारून. लेटरहेडवर.”

“तुमचं नको काका. बाबा म्हणतात, अण्णा गोड बोलणारं माणूस आहे. मशीनमधलं द्या. तुमच्या मशीनमध्ये असतंय ना, कुणाची पिशवी कुणाला गेली?”

“असतंय,” अण्णा म्हणाले.

“मग तेच काढा.” ती उठून त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. “काढा की. बघू तरी कसं दिसतंय.”

अण्णांनी कळफलक जवळ ओढला. एका बोटानं अक्षरं शोधायला सुरुवात केली. शि. व. ली. इतक्या सावकाश, की मधे त्यांना अक्षर सापडेना. ते त्यांना नेहमी सापडायचं. तिनंच हात पुढं करून दाखवलं. ला.

“आधी चहा सांगू का?” अण्णा म्हणाले. “ह्याला वेळ लागतंय जरा. तोवर चहा पिऊ, निवांत. मग बगू.”

“लावून ठेवा आणि सांगा.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठून उभी राहिले, एवढंच केलं. त्यांनी एंटर दाबलं.

बोट उचलायच्या आत ओळ आली होती. शिवलीला बिराजदार, गाव, गट, तारीख, पिशवीचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात: वापर नाही. मुदत संपल्याने नष्ट.

ती जरा पुढं वाकली. पडद्यावर बोट ठेवून तिनं ती ओळ सुरुवातीपासून वाचली, मग शेवटचा रकाना पुन्हा वाचला. ओठ हलत होते. अण्णा टेबलाच्या कडेकडं बघत होते.

“लगेच आलं की,” ती म्हणाली.

“मॅडमनी केलंय ते,” अण्णा म्हणाले, आणि खाली चहा सांगायला उठले.